एसजीआरच्या चौकटीत पाच क्ष-किरण स्रोत सापडले, खरा काउंटरपार्ट कोणता हे कसं ठरवायचं?

ऋता_आचरा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रकल्पात एका सॉफ्ट गॅमा रिपीटर-उमेदवाराचा (एसजीआर, म्हणजे अधूनमधून गॅमा किरणांचे छोटे भडके, बर्स्ट, सोडणारा स्रोत) क्ष-किरणातला काउंटरपार्ट, म्हणजे तोच स्रोत क्ष-किरणांत कोणता ते, शोधायचा आहे. त्याचे दोनच बर्स्ट नोंदले गेलेत. जागा आंतरग्रहीय जाळ्यावरून, म्हणजे आयपीएनवरून (वेगवेगळ्या यानांवर बर्स्ट पोहोचण्याच्या वेळांवरून) काढलेली. स्रोत ज्या तुकड्यात असू शकतो ती चौकट लांबुळकी आहे: रुंदी १ आर्कमिनिट (अंशाचा साठावा भाग), लांबी १२, आणि तीही आकाशगंगेच्या पट्ट्यात.

हाताशी आहे ते असं. स्विफ्ट उपग्रहावरच्या एक्सआरटी या क्ष-किरण दुर्बिणीचं पीसी (फोटॉन मोजण्याच्या) मोडमधलं ८ हजार सेकंदांचं निरीक्षण. त्यात चौकटीच्या आत पाच स्रोत दिसतात. क सगळ्यात तेजस्वी, सेकंदाला ०.०९ काउंट (नोंदलेले फोटॉन), जवळजवळ सगळे १.५ केव्हीच्या (केव्ही हे फोटॉनच्या ऊर्जेचं एकक) खाली. ख सेकंदाला ०.०२, आणि १.५ केव्हीच्या खाली त्याचा एकही काउंट नाही. ग चे सगळे मिळून ४८ काउंट. घ आणि च चे सात-आठच. याशिवाय अ‍ॅस्ट्रोसॅटच्या एसएक्सटी या क्ष-किरण दुर्बिणीचा ३० हजार सेकंदांचा डेटा आहे, पण क आणि ख मध्ये दीडच आर्कमिनिट अंतर असल्यामुळे तिथे दोघांचा मिळून एकच ठिपका दिसतो. त्या ठिपक्याच्या सुमारे ३००० काउंटवर झेड-वर्ग चाचणी (ठरावीक काळाने येणारा ठोका शोधणारी) लावली तर ८.८६ सेकंदांना ३१ चं शिखर येतं.

मी क ला काउंटरपार्ट धरून लिहायला घेतलं होतं. सर म्हणाले, "सगळ्यात तेजस्वी आहे हे कारण होत नाही." मग कारण कशाला म्हणायचं? आणि ८.८६ सेकंद म्हणजे मॅग्नेटारच (अतितीव्र चुंबकीय क्षेत्राचा न्यूट्रॉन तारा) ना?

खाडीकाठ

ऋता, सरांचं बरोबर आहे. क ला आत्ताच बाजूला काढ.

एसजीआर बहुतेक आपल्या दीर्घिकेच्या पातळीत, हजारो प्रकाशवर्षं दूर, धुळीच्या आणि वायूच्या मागे असतात. एसजीआर १८०६-२० च्या वाटेतला हायड्रोजन दर चौरस सेंटिमीटरला साधारण ६ गुणिले १० चा २२ वा घात इतका भरतो. एवढ्या पडद्यातून १ केव्हीचे फोटॉन लाखात मोजके सुटतात, २ केव्हीचे शंभरात पाच-दहा, आणि ५ केव्हीचे बहुतेक सगळे पार होतात. रोसॅटची दुर्बीण ०.१ ते २.४ केव्हीतच पाहायची, त्यामुळे अशा झाकलेल्या स्रोतांपुढे ती तोकडी पडायची. १० केव्हीपर्यंत पाहणाऱ्या आस्का उपग्रहाने १८०६-२० दाखवला. आता क कडे बघ. त्याचे काउंट १.५ च्या खाली असतील तर तो पडद्याच्या अलीकडे, म्हणजे आपल्याजवळ आहे. गाया उपग्रहाच्या ताऱ्यांच्या यादीत त्या जागी तेजस्वी तारा सापडतो का बघ. सापडला तर क म्हणजे त्या ताऱ्याचा प्रभामंडल.

ख चं वागणं मात्र पडद्यामागच्या स्रोतासारखं आहे. एक्सस्पेक या वर्णपट जुळवणाऱ्या प्रणालीत वाटेतल्या शोषणासाठी टीबीअ‍ॅब्स घे, विल्म्सचं मूलद्रव्य-प्रमाण लाव, आणि त्यावर आधी नुसता ब्लॅकबॉडी, मग नुसता पॉवर लॉ बसवून बघ. १६० काउंटांत दोन्ही एकत्र बसवू नकोस. आकडे येतील, पण त्यांना अर्थ नसेल. काउंट इतके कमी असताना जुळणी मोजायला काय-वर्ग नको, सी-स्टॅट वापर. तापमान अर्ध्या केव्हीच्या आसपास आलं तर मॅग्नेटारला शोभेल. पॉवर लॉचा निर्देशांक दीड-पावणेदोन आला आणि शोषण आकाशगंगेच्या त्या दिशेच्या एकूण शोषणापेक्षा जास्त निघालं, तर मागच्या बाजूला कुठलं तरी सक्रिय दीर्घिका-केंद्रक असण्याची शक्यता मोठी.

ख चा ठिपका ४७ आर्कसेकंदांच्या, म्हणजे २० पिक्सेलांच्या वर्तुळातून काढ. पार्श्वभूमीचं कडं क पासून लांब ठेव, नाहीतर क च्या पसरट कडा पार्श्वभूमीत मिसळून ख चे मृदू (कमी ऊर्जेचे) काउंट उणे जातात आणि शोषण खोटंच वाढलेलं दिसतं. "१.५ च्या खाली एकही नाही" हे पार्श्वभूमी वजा करण्याआधी मोजलंस की नंतर, ते आधी तपास.

आता योगायोगाचा हिशेब. एक्सआरटीचं क्षेत्र २३.६ आर्कमिनिट चौरस, म्हणजे सुमारे ५५७ चौरस आर्कमिनिट. त्यातली तुझी चौकट १२. चौकटीबाहेर ख इतके तेजस्वी आणि ख इतके कठीण (जास्त ऊर्जेचे फोटॉन देणारे) स्रोत किती, ते त्याच चित्रात मोज. समजा ९ निघाले. तर १२ चौरस आर्कमिनिटांत सरासरी ०.२ अपेक्षित, आणि एखादा तरी योगायोगाने पडण्याची शक्यता १८ टक्के. पाचात एकदा. त्यामुळे "चौकटीत आहे" हा पुरावा कच्चाच आहे, आणि प्रबंधात हा आकडा लिहायलाच हवा.

चौकट लांबुळकी का, तेही समजून घे. दोन यानांवर बर्स्ट पोहोचण्याच्या वेळेतला फरक गुणिले प्रकाशवेग भागिले यानांमधलं अंतर, हा स्रोताच्या दिशेचा कोसाइन. म्हणजे एका जोडीतून बिंदू मिळत नाही, आकाशात एक कडं मिळतं. अंतर २००० प्रकाश-सेकंद असेल आणि वेळ ०.१ सेकंदापर्यंत ठाऊक असेल, तर कड्याची रुंदी १० आर्कसेकंदांवर येते. दुसऱ्या जोडीचं कडं त्याला छेदतं तिथे चौकट. जयगडचं दीपगृह आणि रत्नागिरीचं दीपगृह यांचे कोन घेऊन होडीची जागा काढतात तसंच हे. दोन्ही दिवे जवळजवळ एकाच दिशेला दिसत असतील तर रेषा तिरक्या छेदतात आणि जागा लांबट होते. तुझे दोन्ही बर्स्ट वेगवेगळ्या तारखांचे असतील, तर यानं तोवर हललेली असतात. दुसऱ्या बर्स्टचं कडं वेगळ्या कोनात पडलेलं असेल तर १२ ची लांबी कमी होईल. फक्त दोन्ही बर्स्ट एकाच स्रोताचे हे तिथे गृहीत धरलंय, तेवढं लिहून ठेव.

वेळेच्या चाचणीसाठी लॅक्सपीसी या क्ष-किरण मोजणाऱ्या यंत्राचा डेटा असेल तर तोही बघ.

क्षकिरणे

ठोक्याबद्दल लिहिते. ८.८६ वर इतक्यात काही बांधू नकोस.

पहिली गोष्ट, किती ठिकाणी शोधलंस? झेड-वर्ग ३१ एका ठिकाणी निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता दोन कोटींत चार इतकी कमी, पण तू हजारो वारंवारता तपासल्यास. पृथ्वीजवळच्या कक्षेत ३० हजार सेकंदांचा खरा वेळ गोळा व्हायला घड्याळात सुमारे ७५ हजार सेकंद जातात. १२ सेकंदांपासून ४.७५ सेकंदांपर्यंतच्या पट्ट्यात साडेनऊ हजार स्वतंत्र वारंवारता होतात. गुणाकार केला की शक्यता साडेपाचशेत एक. वारंवारतेची पावलं बारीक घेतली असशील तर दोन-तीनशेत एक. आणि वर्तुळाचा आकार, केव्हीचा पट्टा बदलून चार वेळा पाहिलं असशील तर आणखी चारने गुण.

दुसरी गोष्ट फ्रेमची. एसएक्सटीची फ्रेम, म्हणजे एक चित्र घ्यायचा वेळ, २.३७७५ सेकंदांची आहे. फ्रेमच्या दुपटीपेक्षा, म्हणजे ४.७५५ सेकंदांपेक्षा लहान काळ तिथे सरळ दिसत नाही. तो दुमडून दुसऱ्याच जागी येतो. तुझा आकडा पाहून मला एसजीआर १९३५+२१५४ चा ३.२५ सेकंदांचा ठोका आठवला. एकाला २.३७७५ ने भागलं की ०.४२०६ हर्ट्झ, त्यातून ०.३०७७ वजा केले की उरतात ०.११२९ हर्ट्झ. म्हणजे ८.८६ सेकंद! ३.२५ चा ठोका एसएक्सटीत नेमका ८.८६ ला दिसेल. तुझा स्रोत तो नव्हे, पण शिखराखाली दोन वेगवेगळे काळ लपलेले असू शकतात हे यावरून दिसतं. एक्सआरटीच्या पीसी मोडची फ्रेम २.५ सेकंदांची, म्हणून तिथे हाच ३.२५ चा ठोका ११ सेकंदांजवळ जाईल. दोन यंत्रांत शिखर वेगवेगळ्या जागी सरकलं तर समजायचं की खरा काळ फ्रेमच्या दुपटीखाली आहे. ही युक्ती फार उपयोगी पडते.

दुमडलेला ठोका फिकाही पडतो, कारण फ्रेमभरात तो सरासरीत विरघळतो. ३.२५ सेकंदांसाठी एसएक्सटीत जेमतेम एकतृतीयांश उंची उरते. आता तुझे आकडे घालून बघ. ३००० काउंटांत ३१ यायला एकूण प्रकाशात १४ टक्के उंचीचा ठोका लागतो. पण त्या ३००० मध्ये ख चे किती? एक्सआरटीच्या प्रमाणावरून सुमारे ५४५. मग एकट्या ख चा ठोका ८० टक्के उंचीचा हवा, फ्रेमची झीज धरली तर ९०. आणि खरा काळ ३.२५ असेल तर २४६ टक्के, जे अशक्य आहे. म्हणजे ठोका ख चा असेल तर ८.८६ चाच, आणि जवळजवळ पूर्ण खोल.

हे तपासायला नवीन निरीक्षण नको. २ ते ७ केव्हीचेच काउंट घे. क तिथे गळून पडेल. ठोका ख चा असेल तर काउंट साडेपाचशेपर्यंत उतरूनही झेड-वर्ग ९० च्या घरात चढेल. उतरला तर ख चा नाही. त्याआधी वेळा सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राला आणल्यास ना? आणि डेटात छोटे बर्स्ट असतील तर ते कापून टाक. ०.१ सेकंदात आलेले चाळीस काउंट सगळ्याच वारंवारतांना उंची देऊन जातात.

एक व्यावहारिक. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधीही जाते. एसएक्सटीची पाइपलाइन दर कक्षेसाठी वेगळी चालव, जोडणी शेवटी कर. अर्धवट तुटलेली इव्हेंट फाइल उघडते, तक्रारही करत नाही, पण तिच्यातले चांगल्या वेळेचे कप्पे चुकीचे राहतात आणि मग ठोक्याच्या शोधात खोटी शिखरं उगवतात. जोडल्यावर एकूण वेळ हाताने ताडून बघ.

अलिबागी

वाईच थांबा, खाडीकाठ. लॅक्सपीसीकडे पोरीला पाठवू नका. ते चित्र काढत नाही. एक अंश रुंद तोंडातून जे येईल ते सगळं एकत्र मोजतं. आकाशगंगेच्या पातळीत एका अंशात काय काय येतं! ख चा एक्सआरटीतला ०.०२ काउंटचा दर म्हणजे क्रॅब या तेजस्वी तेजोमेघाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. लॅक्सपीसीच्या पार्श्वभूमीत तो बुडून जाईल. दहा मायक्रोसेकंदांचं घड्याळ असून उपयोग नाही.

ऋताच्या मूळ प्रश्नावर येतो, कारण कशाला म्हणायचं. जागा जुळणं ही फक्त चाळणी. सिद्ध करणाऱ्या गोष्टी दोनच. त्याच क्ष-किरण ठिपक्यातून बर्स्ट निघताना दिसणं, किंवा त्याच ठिपक्याचा ठोका सापडून तो वर्षागणिक मंदावताना मोजणं.

एसजीआर १८०६-२० मध्ये दोन्ही मिळालं. ऑक्टोबर १९९३ मध्ये आस्का त्या भागाचं चित्र घेत असतानाच बर्स्ट झाला. बॅट्सी या गॅमा-किरण यंत्रानेही तोच बर्स्ट नोंदला, आणि आस्काच्या चित्रात तो स्थिर ठिपक्याच्या जागीच होता. पुढे १९९८ मध्ये आरएक्सटीई या क्ष-किरण उपग्रहावरून ७.४७ सेकंदांचा ठोका आणि त्याचं मंदावणं जाहीर झालं: सेकंदाला ८ गुणिले १० चा उणे ११ वा घात. काळ आणि मंदावणं यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढून त्याला ३.२ गुणिले १० च्या १९ व्या घाताने गुण. सुमारे ८ गुणिले १० चा १४ वा घात इतके गॉस येतात. अलिबागच्या वेधशाळेत १९०४ पासून पृथ्वीचं जे क्षेत्र मोजलं जातंय ते अर्धा गॉससुद्धा भरत नाही. डंकन आणि थॉम्पसन यांनी १९९२ मध्ये मांडलेला मॅग्नेटार त्या आकड्याने प्रत्यक्षात उतरला.

पण त्याच स्रोताने नुसत्या जागेवर विसंबणाऱ्यांना चकवलंही. तो जी१०.०-०.३ या रेडिओ तेजोमेघाच्या गाभ्यात आहे असं धरलं गेलं, आणि गाभ्यातला प्रचंड तेजस्वी निळा तारा त्याचा जोडीदार मानला गेला. चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने अर्ध्या आर्कसेकंदाच्या नजरेने पाहिल्यावर एसजीआर त्या ताऱ्यापासून दहा-पंधरा आर्कसेकंद बाजूला निघाला. एसजीआर १९००+१४ ला असाच शेजारचा जी४२.८+०.६ हा सुपरनोव्हा-अवशेष चिकटवला गेला होता. तिथे खरं काम केलं ते रोसॅटच्या ठिपक्याने, मग १९९८ मध्ये आस्काला सापडलेल्या ५.१६ सेकंदांच्या ठोक्याने. २७ ऑगस्ट १९९८ च्या महाभडक्याच्या शेपटातही तोच ५.१६ होता. भडक्यानंतर व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीला तिथे काही दिवस रेडिओ स्रोत दिसला आणि जागा आर्कसेकंदाच्याही आत आली.

तेव्हा तुझ्या चौकटीजवळ एखादा अवशेष किंवा तारकागुच्छ दिसला तर मोह आवर. तीच गोष्ट २मास या अवरक्त ताऱ्यांच्या यादीची. आकाशगंगेच्या पातळीत एक्सआरटीच्या ३-५ आर्कसेकंदांच्या वर्तुळात कुठला तरी अवरक्त तारा सापडतोच. ख ची जागा मुद्दाम ३० आर्कसेकंद इकडे, मग तिकडे, अशी वीस-तीस दिशांना सरकव आणि दर वेळी तारा सापडतो का मोज. निम्म्या वेळा सापडला तर मूळ जागीही तो सापडण्यात काही विशेष नाही.

ऋता_आचरा

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं ते करून पाहिलं.

क च्या जागी गायात तेजस्वी, जवळचा तारा आहे. पार्श्वभूमी वजा करण्याआधी ख चे १.५ केव्हीखाली २ काउंट निघाले, तितकेच पार्श्वभूमीतून अपेक्षित होते. चौकटीबाहेर ख सारखे ७ स्रोत मोजले, म्हणजे योगायोग सुमारे १४ टक्के.

२ ते ७ केव्हीत ५५० काउंट उरले आणि ८.८६ चा झेड-वर्ग ७ वर आला. ०.३ ते १.५ मध्ये मात्र २७ आहे. तर मग ठोका क चा का?

आणि ख मध्ये ठोका नाही, म्हणजे ख पण बाद?

क्षकिरणे

क चाही नाही. साडेनऊ हजार वारंवारतांत २७ म्हणजे शंभरात एकदा योगायोगाने येणारी गोष्ट, आणि आता तू तीन पट्टे पाहिलेस. मृदू पट्ट्याचा डेटा मध्ये कापून दोन भाग कर. खरा ठोका असेल तर दोन्ही अर्ध्यांत त्याच जागी, निम्म्या-निम्म्या उंचीने दिसेल. एकाच अर्ध्यात सगळी उंची असेल तर तो तारकेचा छोटा भडका किंवा कक्षेतला एखादा खराब तुकडा.

ख अजिबात बाद नाही. काय शोधता आलं असतं याचा हिशेब कर. हजारात एक इतकी खात्री हवी तर साडेनऊ हजार वारंवारतांसाठी झेड-वर्ग ३२ लागतो. ५५० काउंटांत त्याला ३४ टक्के उंची लागते. ख चा वाटा त्या काउंटांत तीनचतुर्थांश धरला तर ४५ टक्के. वर फ्रेमची झीज: ५ सेकंदांच्या ठोक्याचा दोनतृतीयांश उरतो, १० सेकंदांच्याचा नऊदशांश. म्हणजे ५ सेकंदांचा ठोका ६७ टक्क्यांहून उथळ असता किंवा १० सेकंदांचा ५० टक्क्यांहून उथळ असता, तर तुला तो दिसलाच नसता. कितीतरी मॅग्नेटारांचे ठोके दहा-वीस टक्क्यांचेच असतात. आणि ४.७५ पेक्षा लहान काळांबद्दल हा डेटा जवळजवळ मुका आहे. एसजीआर १६२७-४१ चा काळ २.५९ सेकंद. त्याचा काउंटरपार्ट १९९८ पासून माहीत होता, तरी ठोका एक्सएमएम या क्ष-किरण दुर्बिणीला सापडायला २००८ चा भडका व्हावा लागला.

प्रबंधात या मर्यादा काळानुसार कोष्टकात दे. "ठोका आढळला नाही" एवढंच लिहिलंस तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

अलिबागी

पुढचं निरीक्षण मागायचं झालं तर एक्सएमएमचा ईपीआयसी-पीएन कॅमेरा. पूर्ण फ्रेम ७३ मिलिसेकंदांत वाचतो, क आणि ख दीड आर्कमिनिटावर आरामात वेगळे होतात, आणि २ ते १० केव्हीत काउंट भरपूर. त्याच दुर्बिणीच्या एमओएस कॅमेऱ्याची फ्रेम २.६ सेकंदांची, ती ठोक्यासाठी नको. चंद्रा जागेसाठी, पण तिच्या एसीआयएस कॅमेऱ्याची नेहमीची फ्रेम ३.२ सेकंद. ठोकाही हवा असेल तर एक-अष्टमांश पट्टीचा मोड माग, ०.४ सेकंदांवर येते.

जागा अचूक असण्याचा आणखी एक फायदा लोक विसरतात. वस्तुमानकेंद्राला वेळा आणताना जागा १ आर्कमिनिटाने चुकली तर वर्षभरात ०.१५ सेकंदांपर्यंतची खोटी डोल येते. ९ सेकंदांच्या ठोक्यात ती ५ गुणिले १० च्या उणे १४ व्या घाताइतकं खोटं मंदावणं दाखवू शकते. १८०६-२० ला त्याने काही बिघडत नाही. पण एसजीआर ०४१८+५७२९ चं खरं मंदावणं ४ गुणिले १० चा उणे १५ वा घात इतकंच आहे, ते अशा चुकीत सहज गाडलं गेलं असतं. १ आर्कसेकंदाची जागा असेल तर चूक त्याच्याही खाली जाते.

खाडीकाठ

लॅक्सपीसीबद्दल अलिबागींचं मान्य, माझी सूचना मागे घेतो.

ऋता, एक काम आजच करून ठेव. स्विफ्टच्या संग्रहात त्या भागावरून गेलेली जुनी निरीक्षणं शोध, हजार-दोन हजार सेकंदांची असली तरी चालतील. बर्स्टच्या तारखेनंतरच्या आठवड्यांत ख आजच्या दसपट तेजस्वी होता आणि नंतर उतरत गेला असं दिसलं, तर ठोक्याशिवायही तुझी बाजू खूप भक्कम होते. एसजीआर असेच भडकतात आणि आठवड्या-महिन्यांत उतरतात, मागचं सक्रिय केंद्रक बर्स्टची तारीख पाहून तसं वागत नाही. ख दिसला नाही तरी शून्य काउंटांची ९५ टक्क्यांची वरची मर्यादा ३ काउंट, ती निरीक्षणाच्या वेळेने भागून दे. दर अर्ध्या काउंटच्या वर असेल तर पीसी मोडमध्ये ठिपक्याचा मधला भाग दबतो, तिथे गाभा वगळून कड्यातून मोज.

ग ला विसरू नकोस. ४८ काउंट आहेत, रंग तपासलेला नाही.

ऋता_आचरा

ग चे ४८ पैकी ३१ काउंट २ केव्हीच्या वर आहेत. जुनी निरीक्षणं शोधायला घेते, ख आणि ग दोघांसाठी. प्रबंधात दोन्ही "उमेदवार" म्हणूनच जातील.